कॉलरताईचा पडदा

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यभर शर्टाच्या कॉलरी शिवल्या. अख्खा शर्ट एकही शिवला नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण शर्टाच्या कारखान्यात कामाची रीतच तशी असते. एकीने बाह्या जोडायच्या, दुसरीने खिसा लावायचा, तिसरीने काजं करायची. पुढे ते सगळे तुकडे एकत्र येऊन त्यांचा शर्ट होतो आणि तो कुणाच्या तरी अंगात जातो, पण कुणाच्या ते यातल्या एकीलाही ठाऊक नसतं. ताईच्या वाट्याला पहिल्या दिवशी कॉलर आली आणि कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशीही तिच्या मशीनच्या सुईखाली अर्धी कॉलरच होती.

तिथे बायका एकमेकींना कामाच्याच नावाने हाका मारायच्या. बाही, खिसा, काज. ताई म्हणजे कॉलर. नव्याने लागलेल्या पोरी अदबीने कॉलरताई म्हणायच्या. ते नाव त्यांच्याबरोबर गल्लीत आलं आणि गल्लीतून घरात शिरलं. मेहुणे फार लवकर गेले, मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. कॉलरच्या घरची म्हणून तिला आम्ही बटण म्हणायला लागलो. आता बटण नर्स झालीय, हॉस्पिटलात औषध न घेणाऱ्या दांडग्या माणसांना ओरडते, पण घरात अजून बटणच.

मी त्या ताईचा धाकटा भाऊ. नळ, टाक्या, पाइप दुरुस्त करतो. माझा स्वभाव तापट आहे असं मला लोकांकडून कळलं. मला स्वतःला तसं कधी वाटलेलं नाही. लोकच मूर्खासारखं बोलतात, त्याला मी काय करणार?

ताई शिवते एवढं गल्लीला माहीत होतं. त्यामुळे कारखाना बंद पडल्यावर कुणी पँट आखूड करायला आणायचं, कुणी उशीचे अभ्रे. ती सगळ्यांना हात जोडून परत पाठवायची. "मला कॉलरच येते हो," ती म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई भाव खातेय. खरं तर तिला लाज वाटायची. इतकी वर्षं मशीनवर बसून साधा अभ्रा येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

बटणला नोकरी लागली ती रात्रपाळीची. नव्या मुलींना आधी रात्रच देतात म्हणे. संध्याकाळी डबा घेऊन निघायची आणि सकाळी सगळं जग कामाला निघालं की ही घरी यायची. आधी कौतुकच कौतुक होतं. नव्याचे नऊ दिवस सरले आणि पोरीचा चेहरा उतरायला लागला. डोळ्यांखाली काळं आलं. बोलता बोलता मधलाच शब्द हरवायचा. एकदा माझ्यासमोर तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, ढवळलं आणि सगळा कप पिऊन टाकला. तिला कळलंही नाही. मी आणि ताई एकमेकांकडे बघत राहिलो.

"झोप लागत नाही का गं?" मी विचारलं.

"लागते रे मामा. पण मोडते."

"कशाने?"

तिने आधी आईकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "उजेड फार येतो," ती म्हणाली. आणि कप धुता धुता, आमच्याकडे पाठ करून, म्हणाली, "हॉस्पिटलाच्या वसतिगृहात एक जागा होतेय रिकामी. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. बघू, काय करायचं ते."

टेबल पुसून झालं होतं तरी ताई पुसत राहिली. मी निघालो तेव्हा जिन्यात माझ्या मागे आली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"पडदा लावायचा," ती म्हणाली. "चांगला जाड. खोलीत अंधार झाला की कशाला जाईल ती?"

पडदा लागला तर पोरगी घरात, नाही लागला तर पोरगी बाहेर, ताईचा हिशेब असा सरळ होता. सरळ नव्हती ती खिडकी.

ताईचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, दीड खोलीचं. अर्ध्या खोलीत ओटा आणि शिवणाचं मशीन, आतल्या खोलीत पलंग आणि कपाट. बांधणाऱ्याने आधी छप्पर उतरतं केलं असावं आणि मग त्याला आठवलं असावं की आत माणसं राहणार, त्यांना हवा लागते. मग छप्पर जसं उतरलं तशी खिडकीही उतरली. डावीकडे उंच, उजवीकडे बुटकी. डावी चौकट कोपऱ्याच्या भिंतीला अशी चिकटलेली की मध्ये बोट जाणार नाही. उजवीकडे चौकटीला खेटून पाण्याचा पाइप. झडपा उघडणार त्याही आत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि सूर्य उगवला की त्याचा पहिला पाय याच खिडकीतून आत, थेट पलंगावर. पलंग हलवायचा म्हटलं तर दुसऱ्या भिंतीला कपाट, तिसरीला दार.

काजने, म्हणजे ताईच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने, कुठल्याशा गणवेशाचं उरलेलं गडद निळं कापड आणून दिलं. ताईने खिडकीचं माप घेतलं. मी नको म्हणत असताना स्वतः स्टुलावर चढून घेतलं. मग कापड जमिनीवर पसरलं, दुमडलं, खडूने उतार आखला आणि एका दमात कात्री चालवली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. कॉलर कापायची रीत अशी की कापड दुमडून दोन्ही टोकं एकदम कापायची, म्हणजे डावं आणि उजवं अगदी जुळं निघतं. ताईच्या हाताला तेवढं एकच वळण. तिने पडदाही दुमडूनच कापला.

आम्ही तो खिडकीला धरून पाहिला. मध्यभागी उंच, आणि तिथून दोन्ही बाजूंना उतरता. उजवा अर्धा भाग खिडकीच्या उताराला बरोबर बसला. डावीकडे खिडकी वर चढत होती आणि पडदा खाली उतरत होता. मध्ये उघड्या राहिलेल्या त्रिकोणातून आकाश दिसत होतं. खिडकीच्या गळ्याला कॉलर घातल्यासारखं दिसत होतं ते. मला हसू आवरेना.

"हसू नकोस रे," ताई म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा एक अख्खी वस्तू शिवायला घेतली, तर तिचीही कॉलरच झाली." आणि मग खाली बसून म्हणाली, "दुमडल्याशिवाय मला कापताच येत नाही. हात आपोआप दुमडतात. काय करू मी?"

मला तिची दया आली आणि दया आली की मला राग येतो. मी म्हटलं, बाजारातून शिंप्याला आण, माप देऊ, मोकळे होऊ. तिने ऐकलं नाही. शिंपी येणार, माप घेणार, बोलणार, बटणची झोपमोड होणार. शिवाय, हे ती बोलली नाही पण मला कळलं, तिला तो पडदा स्वतःच्या हाताने लावायचा होता. पोरगी घरात राहावी ती आपल्या हातच्या कामामुळे, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या वेळी तिने आधी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून खिडकीएवढा कागद केला, तो खिडकीवर लावून उतार आखला, आणि तो कागद उरलेल्या कापडावर ठेवून कापलं, न दुमडता. कापून झाल्यावर दोन्ही टोकं निराळी निघाली हे बघून ती अस्वस्थच झाली. "चुकल्यासारखं वाटतंय रे," पुन्हा पुन्हा म्हणत होती. बरोबर केलेलं काम चुकल्यासारखं वाटणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तो पडदा तिने मशीनवर शिवला नाही. बटण झोपलेली असताना मशीन चालवायचं नाही हा तिचा कायदा. आणि कायदे पुष्कळ होते. सकाळी पोरगी आडवी झाली की नळ बारीक धारेनेही सोडायचा नाही, पाणी आधीच भरून ठेवायचं. कुकर लावायचा नाही. चपला दाराबाहेर. घंटीची वायर तिने केव्हाच काढून टाकली होती. भाजीवाला गल्लीत शिरायच्या आत ही खाली उतरून त्याला हाताने खुणावायची, आणि तो बिचारा तोंड मिटून गाडी ढकलत पुढे जायचा. शेजारचं पोर रडलं की ही खाऊ घेऊन धावायची, मायेने नव्हे, गप्प बसवायला. सगळं आवरलं की आतल्या दाराला पाठ लावून बसायची. तिला खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायची. हळू बोलायची इतकी सवय झाली की बाजारातही माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची, आणि लोकांना वाटायचं आम्ही कुणाची तरी निंदा करतोय.

तर पडदा तिने जिन्यात बसून हाताने शिवला. पायऱ्यांवर कापड पसरलेलं, येणारे जाणारे पाय उचलून जायचे. टाके मात्र बघत राहावे असे. कॉलरीचा हात तो.

लावायचं काम माझं. बटण संध्याकाळी कामावर गेली की मी ड्रिल घेऊन जायचो. भिंत इतकी भुसभुशीत की भोक पाडलं की त्याचा खड्डा व्हायचा. कशीबशी दांडी बसवली, खिडकीच्या उताराला धरून तिरकी. पडदा लावला आणि हात सोडला. सगळ्या कड्या खुळखुळत घरंगळल्या आणि उजवीकडे पाइपापाशी जाऊन गोळा झाल्या. उतरत्या दांडीवर पडदा थांबेल कसा? हे मला आधी कळायला हवं होतं. अख्खं आयुष्य पाण्याचा उतार बघण्यात गेलं माझं. शेवटी पडद्याचं डावं टोक दोरीने ओढून वर खिळ्याला बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच होतो. बटण आली, "वा वा" म्हणाली, झोपली. थोड्या वेळाने आतून धाडकन आवाज आला. खिळा उपटला, त्याने दोरी सोडली, आणि दांडी, पडदा, भिंतीचे पोतंभर पोपडे असं सगळं पोरीच्या अंगावर आलं. ती किंचाळत उठली. मी ओरडलो. ताई मात्र ओरडली नाही. तिने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. पोरगी जागी होऊन समोर उभी होती, केसांत माती होती, तरी ही आवाज करायला तयार नव्हती.

"लागलं नाही आई," बटण म्हणाली. "खरंच नाही लागलं." तिने आईचे हात तोंडावरून काढले. त्या दिवशी तिने मातीतच पलंग झटकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या पाठीकडे बघून ती झोपलेली नाही हे मला कळत होतं. ताईला कळत होतं की नाही, देव जाणे.

महिना संपत आला होता. ताई आता दुसऱ्या कशाबद्दल बोलेनाशी झाली. मी घरी गेलो की तिचा विषय एकच, उजेड. कुठून येतो, किती येतो, कुठल्या फटीतून. दांडी आता नकोच, असं तिनेच ठरवलं. मी एक लाकडी पट्टी उतारावर तासून आणली आणि भिंतीचा नाद सोडून थेट छपराच्या वाशाला ठोकली. पडद्याच्या वरच्या कडेत ताईने बकरम घातलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात तेच ते कडक कापड, कारखान्यातून कधीतरी आणून ठेवलेलं. त्यामुळे ती कड त्या वाकड्या पट्टीवर ताठ उभी राहिली. आतून काळ्या कापडाचा दुसरा थर. डावीकडची कड कोपऱ्यात दाबून बसवलेली, उजवीकडची पाइपाच्या मागे सरकवून बंदांनी बांधलेली. झडपा कायमच्या मिटून टाकल्या. बाहेर अजून उजेड होता, पण मी दार लावून घेतलं आणि मला माझा हात दिसेना. वळायला गेलो तो गुडघा पलंगावर आपटला. मी शिवी हासडली, आणि अंधारात ताई हसली. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं मी! दिसलं नाही, पण ऐकलं.

"आता?" ती म्हणाली. "आता कशाने मोडेल झोप?"

सकाळी बटण आली. खोलीत गेली, दार लावलं, आणि आतून म्हणाली, "बाई गं! आई, काय केलंस हे!" बाहेर येऊन तिने आईला मिठी मारली, खूप वेळ सोडलीच नाही. मग आत जाऊन झोपली. मी आणि ताई जिन्यात जाऊन बसलो. ताईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मीसुद्धा आपणहून हळू बोलायला लागलो. ती म्हणाली, आता हिवाळ्यासाठी आतून एक जाड थर वेगळा शिवीन. म्हणाली, पलंगाची गादीही बदलू. मी हो हो म्हणत होतो.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. बटण येऊन आमच्या मधल्या पायरीवर बसली. डोळे लाल. ती झोपली नव्हती, एक क्षणही नाही.

"कुठून येतोय अजून?" ताई उठायलाच लागली. "खालच्या कडेने ना? मला वाटलंच होतं."

"बस आई." बटणने तिचा हात धरून खाली बसवलं. "उजेड नव्हता गं. कधीच नव्हता."

"मला आतून कळतं," बटण सांगायला लागली. सरळ बघून बोलत नव्हती, पायरीवरच्या दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत होती. "तू दाराला टेकून बसतेस ते कळतं. नळ सोडत नाहीस ते कळतं. खोकला आला की उशी घेतेस ते कळतं. सगळं घर माझ्यासाठी श्वास रोखून बसलंय असं वाटतं. मग मी पडून राहते आणि वाट बघते, तू कधी श्वास सोडशील. मी जागी आहे हे तुला कळू नये म्हणून कूससुद्धा बदलत नाही. मी झोपावं म्हणून तू हलत नाहीस, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी हलत नाही. दोघी दिवसभर अशा."

मी भडकलो. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मला सारखी भिंत फोडायला लावलीस! एवढी मोठी झालीस, तोंडाने बोलता येत नाही?"

"काय सांगू मामा? आई, तू माझी एवढी काळजी करतेस म्हणून मला झोप येत नाही, असं सांगू?" तिचा आवाज फुटला. "'उजेड' असं तोंडातून निघून गेलं. मग आई पायऱ्यांवर बसून टाके घालताना दिसली. मला वाटलं, पडदा झाल्यावर कदाचित येईलही झोप. मलाही हवी होती रे झोप."

राग कुणावर काढायचा? पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं आणि आईचंही काही चुकलं नव्हतं. माझा राग मग तसाच पोटात राहिला, अजून आहे.

शेवटी ताईला मार्ग सापडला. "एवढंच ना?" ती म्हणाली. "मी आवाज करत जाईन."

आणि तिने केला. खरंच केला. ते दिवस मला आठवले की हसू येतं. सकाळी पोरगी झोपली की ही मुद्दाम नळ सोडायची. भांडं हातात घेऊन उभी राहायची, धीर गोळा करायची, आपटायची, आणि लगेच दाराला कान लावून बघायची, उठली की काय. मशीन चालवायची, पण शिवायला काही नाही, म्हणून नुसता चिंधीवर टाका. चार टाके आणि थांबायची. मी सांगितलं, ताई, लोक असा आवाज करत नाहीत. लोकांना आपण आवाज करतोय हे माहीतच नसतं. ती म्हणाली, "ते कसं करतात रे?" मला सांगता येईना. तुम्हाला येईल का?

महिनाअखेरीला बटणने वसतिगृहात कळवून टाकलं. त्याबद्दल कुणी वाद घातला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. ताईनेच तिचे कपडे घड्या घालून दिले. जायच्या सकाळी मी सामान न्यायला गेलो तेव्हा आतली खोली लख्ख उजेडाने भरलेली होती. पडदा ताईने काढला होता. बंद सोडवून, खिळे एकेक उपटून, बकरमाला सुरकुती पडू न देता. इस्त्री करून त्याची घडी घातली होती आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता.

"तिकडेही दिवसाच झोपायचंय तिला," ती म्हणाली.

बटणने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली. ताई खाली जिन्याच्या तोंडापर्यंत आली, पुढे आली नाही. "पोचल्यावर कळव" एवढंच म्हणाली, तेही असं, की ऐकायला आम्हाला वाकावं लागलं.

वसतिगृहाची खोली चांगली होती. दोन पलंग. दुसऱ्या पलंगावर एक मुलगी दिवसपाळीचे कपडे बदलत होती, रेडिओ लावून, कपाटाची दारं धडाधड आपटत, आणि आम्हाला बघूनही तिने काही थांबवलं नाही. खिडकी चौकोनी होती. चार कोपरे, चारही सरळ. बटणने पडदा उलगडला आणि खिडकीला धरून पाहिला. एका बाजूला खालपर्यंत आला आणि दुसऱ्या बाजूला वरती मोठा त्रिकोण उघडा राहिला. तिने फिरवून पाहिला. त्रिकोण तिकडून इकडे आला.

"नाही बसत," ती म्हणाली.

"उतार कापून सरळ कर की."

"आईच्या टाक्यांना कात्री लावू?" तिने घडी घातली, आईने घातली होती तशीच, आणि उशीखाली ठेवली. "मामा, तिला सांग बसला म्हणून." मग ती पलंगावर जराशी टेकली. आंघोळ करून, जेवून झोपीन म्हणाली होती. रेडिओ चालू होता, जिन्यात कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, खिडकीतून ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. मी पिशवीतून तिचा डबा काढून ठेवेपर्यंत ती झोपली होती. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. त्या दुसऱ्या मुलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कपाटाचं दार पुन्हा आपटलं. पोरगी हललीसुद्धा नाही.

मी परत ताईकडे गेलो. तिने चहा केला. आम्ही दोघं ओट्याजवळ बसलो. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर ऊन पडलं होतं.

"बसला का रे?" तिने विचारलं.

"बसला. एकदम बरोबर."

ती कपात बघत राहिली. "कसा बसेल? तिथली खिडकी चौकोनी आहे. मी मागच्या आठवड्यात जाऊन बघून आलेय."

मी चिडलो. "मग दिलास कशाला? आणि खोटं बोलायला मला कशाला लावलंस?"

"इथे ठेवून काय करू? मला कुठे दिवसा झोपायचंय." मग तिने विचारलं, "झोपली का ती?"

"झोपली," मी म्हटलं. "पडल्या पडल्या झोपली." हे खरं होतं आणि हे सांगणं मला खोटं सांगण्यापेक्षा जड गेलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, मी तिला ओळखतो. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन तिने कप बशीत ठेवला. जराही आवाज झाला नाही. हे सगळं आमचं बोलणंही कुजबुजतच चाललं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ताई, आता कोणी झोपलेलं नाहीये घरात," मी मोठ्याने म्हटलं. "आपट तो कप. आपट की एकदा!"

तिने माझ्याकडे पाहिलं, कप पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. तसाच, आवाज न होऊ देता.

"नाही जमत रे," ती म्हणाली.